क्रोटनले पाणी कोण घालीन?

ज्या गावात चहाच्या दुकानापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत संत्र्याच्या भावाशिवाय दुसरी गोष्ट निघत नाही, त्या सौंसरात आमच्या हेडमास्तरांनी जन्मभर नुसती पानं पिकवली. फळ नाही, फूल म्हणावं असं फूल नाही, सावली नाही, जळणाला काडीसुद्धा नाही. क्रोटन. पिवळ्या शिंतोड्यांचं क्रोटन, लाल शिरांचं क्रोटन, वातीसारख्या पिळलेल्या पानांचं क्रोटन. शाळेच्या विहिरीमागे सांडलेलं पाणी झिरपून जमीन बारमाही ओली राहायची. गावातल्या कोणत्याही बागवानाने तिथे निदान दोन लिंबं लावली असती. गुरुजींनी तिथे क्रोटनचा वाफा केला होता, आणि शाळेत नवा आलेला मास्तर असो की तपासणीचा साहेब, त्याला आधी तो वाफा दाखवल्याशिवाय ते बसायला खुर्ची देत नसत.

मलाही आधी वाफाच दाखवला. मी तेव्हा विशीतला, अंगात आग. माझी बाराखडी पत्रकांवर झालेली. वडील स्वातंत्र्याच्या चळवळीतली पत्रकं पांढुर्ण्याच्या घरी कडब्याच्या गंजीत लपवून ठेवत, आणि घरात दुसरं वाचायला काही नसल्यामुळे मी तीच वाचत वाढलो. शोभा हा रिकामटेकड्यांचा धर्म आहे, असं मी त्या वयात लिहून ठेवलं होतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी विचारलं, "गुरुजी, याचा उपयोग काय?"

"कशाचा?"

"या झाडाचा."

त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. "आणि तुमचा?" म्हणाले, आणि शेंडे खुडायला लागले.

शेंडे खुडणं हा त्यांचा दर रविवारचा नेम होता. अंगठ्याच्या नखाने, कात्री न लावता. कमरेच्या वर गेलेलं झाड हातातून गेलं, असं त्यांचं म्हणणं. शेंडा खुडला की खालून चार फुटवे येतात, झाड गच्च होतं, पान रंगाला येतं. खुडताना चीक उडायचा आणि क्रोटनचा चीक कपड्याला लागला की जात नाही. त्यांच्या प्रत्येक धोतरावर, प्रत्येक सदऱ्याच्या बाहीवर तपकिरी डाग होते. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. काकू धोतर दोरीवर टाकताना सांगायच्या, "सासू गेली तं वाटलं सुटली मी. कायची सुटते बावा! ते क्रोटन येऊन बसलं."

काकूंचा राग खरा होता. त्या माहेरी एकट्याच जात. नागपूरला सख्ख्या पुतणीचं लग्न निघालं, गुरुजी गेले नाहीत. खात्याने बढती देऊन छिंदवाड्याला बोलावलं, गेले नाहीत. गावातली मंडळी मोटार करून रामटेकला निघाली, जागा ठेवली, हाका मारल्या. गुरुजींनी विहिरीवरूनच हात हलवला. प्रत्येक वेळी उत्तर एकच: "आणि क्रोटनले पाणी कोण घालीन?"

"शिपाई घालीन ना, गुरुजी!"

"तो घालते. पाहून घालत नाही."

पाहून घालणं म्हणजे काय, हे त्यांच्याजवळ बरेच महिने काढल्यावर मला कळलं. ते मातीत बोट खुपसत. बोटाला माती चिकटली तर पाणी नाही, कोरडी सुटली तर पाणी. ओल पाहिजे, चिखल नको. स्वतः पाणी प्यायचे तेसुद्धा अर्धा गडवा. अर्धा पिऊन झाला की उरलेलं जवळच्या झाडाच्या बुडाशी ओतायचे. वर्गात, कचेरीत, पंगतीत, कुठेही. झाड नसेल तर भरला गडवा तसाच खाली ठेवत, पीत नसत. मी त्यांना पूर्ण गडवा पिताना पाहिलं नव्हतं. गावातही कोणी पाहिलं नव्हतं.

मुलांना मारायचे नाहीत. गणित चुकलं, एक बादली. खोटं बोललं, दोन बादल्या. त्यामुळे शाळेतली वांड पोरं दंडाने तगडी झाली होती आणि वाफा कधी वाळत नव्हता. एकदा सगळा वर्ग शहाण्यासारखा वागला तर गुरुजी अस्वस्थ झाले. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःच फळ्यावर चुकीचं गणित मांडून, पोरांनी ते तसंच उतरवल्यावर सगळ्यांना विहिरीवर पाठवलं.

त्यांच्याशी माझं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसायचं. वाफ्यात एकाच मातीत सात रंगांची झाडं पाहून मी एकदा म्हणालो, "गुरुजी, हा आपला देश आहे."

"हे क्रोटन हाय."

"तसं नाही, म्हणजे..."

"पत्रकवाले," ते मला याच नावाने हाक मारत, "झाडाले झाड राहू द्या. त्याले आधीच लाल कोळ्याची कीड लागून राहिली."

मग ते वर्ष आलं. राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर, जिथे आमची संत्री जायची, आमचे खटले जायचे, आमच्या मुली नांदायला जायच्या, ते एका राज्यात गेलं आणि आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो. आमची राजधानी भोपाळ झाली. आमच्यापैकी कितीजणांनी भोपाळ पाहिलं होतं? ज्याने ती रेघ ओढली, त्याने आमच्या विहिरीचं पाणी प्यायलं नव्हतं. त्याला शेजारच्या मोहगावच्या बाजारात कोणती भाषा ऐकू येते, हे विचारण्याचीही गरज वाटली नव्हती. हे मी तेव्हा लिहिलं, आजही लिहितो, आणि खोडणार नाही.

पण रेघेपेक्षा वाईट होतं ते गावातलं गप्प बसणं. नोकरदारांना विचारलं जात होतं की कोणत्या राज्यात राहता. कोणी नागपूरकडे निघाले, कोणी थांबले, कोणी ठरवता ठरवता वाळले. आणि या सगळ्यात कोणी कोणाला सरळ विचारत नव्हतं. "तुम्ही जाऊन राहिले का?" असं विचारलं की समोरचा उलट विचारायचा, "आणि तुम्ही?" त्या उलट प्रश्नाची सगळ्यांना भीती. म्हणून लोक खुणा पाहायला लागले. कोणी खाट विकली, कोणी मुलाच्या पायाला नवे बूट घेतले, कोणी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरले नाहीत. गावाला अख्खं गाव वाचता यायला लागलं, आणि सगळं चुकीचं.

त्या पावसाळ्यात गुरुजींनी क्रोटनला गुट्या बांधल्या.

गुटी म्हणजे फांदीची साल बोटभर सोलून त्यावर ओली माती आणि गोणपाट बांधायचं. महिना-दीड महिन्यात त्या जागी मुळं फुटतात. मग फांदी कापून दुसरीकडे लावायची. गुरुजींनी आयुष्यात कधी कोणाला क्रोटनचं पान दिलं नव्हतं, आणि आता प्रत्येक झाडावर गोणपाटाच्या गाठी लोंबायला लागल्या.

पहिल्यांदा पाहिलं लोधीखेड्याच्या दाजींनी. दाजी म्हणजे तालुक्यातले नावाजलेले संत्रा बागायतदार. त्यांचा मुलगा आमच्या मराठीच्या, म्हणजे मराठी माध्यमाच्या, वर्गात होता. झाडाच्या बाबतीत दाजींचा शब्द म्हणजे कोर्टाचा शब्द. ते विहिरीवर उभे राहिले, गाठी पाहिल्या आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"गेला माणूस," ते म्हणाले.

"काय झालं, दाजी?" मी विचारलं.

"डोळे हायेत ना तुमाले? गुट्या पाहा. उभं झाड कोणी संगं नेत नाही, मास्तर. ज्याले गाव सोडाचं रायते तो गुटी बांधते. आमच्या आत्याचा नवरा असाच गेला. पहिले पेरूले गुटी बांधली, मंग बैलगाडी."

ही बातमी संध्याकाळपर्यंत सौंसरभर झाली आणि दुसऱ्या दिवशी मोहगावला पोचली. आणि मग जे व्हायला नको होतं ते सुरू झालं. मराठीचा वर्ग हा गुरुजींचा वर्ग होता. ते स्वतः शिकवत. वरून तोंडी निरोप आला होता की मराठीच्या वर्गात मुलं कमी झाली तर तो हिंदीच्या वर्गात मिसळून टाकायचा. संक्रांतीनंतर साहेब येतील, वर्ग पाहतील आणि ठरवतील. गुरुजी आहेत तोवर वर्ग आहे, एवढ्या भरवशावर लोक थांबले होते. गुरुजी जाणार म्हटल्यावर भरवसा गेला. दाजींनी सगळ्यात आधी आपला मुलगा काढून हिंदीच्या वर्गात घातला.

"कायले लेकराचं नुकसान करू?" ते म्हणाले. "मास्तरच जाऊन राहिले तं."

मग दुसरा गेला, तिसरा गेला. बाकं रिकामी व्हायला लागली. गुरुजी रिकाम्या बाकांकडे पाहत, हजेरी घेत, आणि मधल्या सुट्टीत गाठींवर पाणी शिंपडायला जात. माझं डोकं फुटायची वेळ आली. ज्या माणसाने गावाला आपल्या भाषेत गणित शिकवलं तो ऐन वेळी पानांच्या कुंड्या घेऊन निघून जातो, आणि आम्ही बघत राहायचं?

मी पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं, 'पळपुट्यांना निरोप'. नाव घातलं नाही, पण पहिल्याच ओळीत क्रोटन होतं. वडिलांचा एक नियम मी पाळत आलो आहे: ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं. म्हणून कागद घेऊन मी विहिरीवर गेलो. गुरुजी खुरपं घेऊन बसले होते. काकू बाजूला डाळ निवडत होत्या.

"मी तुमच्याविरुद्ध लिहिलं आहे," मी म्हणालो.

"वाचा. हात खराब हायेत माहे."

मी वाचलं, सगळं, आवाज चढवून. स्वार्थ, शोभा, मातीशी बेइमानी. मध्येच काकूंनी सूप खाली ठेवलं. वाचून झाल्यावर गुरुजींनी मातीत बोट घालून ओल पाहिली.

"पहिला परिच्छेद काढून टाका," ते म्हणाले. "दुसऱ्यापासून चांगलं हाय. त्यात दम हाय."

"गुरुजी!"

"काय?"

आणि तिथे, रागाच्या भरात, इतके दिवस अख्ख्या तालुक्यात ज्याची कोणाची हिंमत झाली नव्हती ते माझ्या तोंडून निघालं. "गुरुजी, तुम्ही जाऊन राहिले का?"

"कुठी?"

"नागपूरले! नाहीतर कुठे?"

ते खरोखर गोंधळले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी त्यांच्याकडे. "मी? मी कायले जाईन?" आणि मग अगदी सहज, जसं रामटेकच्या मोटारीला म्हणाले होते तसंच, "आणि क्रोटनले पाणी कोण घालीन?"

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. हातातला कागद कधी ओला झाला मला कळलं नाही. जो माणूस पुतणीच्या लग्नाला गेला नाही तो राज्य बदलायला जाईल, हे आम्हा शहाण्यांना वाटलंच कसं? काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. "मले विचारा ना," त्या म्हणाल्या, "हा माणूस माह्या माहेरी आला नाही, तो नागपूरले जाते!"

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"कोणी विचारलंच नाही," गुरुजी म्हणाले. "मले वाटलं, लोकाले माहीत हाय."

"मग या गुट्या कशाला?"

तेव्हा त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "पाहा, पत्रकवाले. ज्याची वावरं हायेत तो कुठी जात नाही. पण हे नोकरीवाले, दुकानवाले, किरायाच्या खोलीतले. या लोकाले काय हाय इथं? ट्रंक उचलली का चालले. मीही तसाच आलो होतो वर्ध्याकडून. दोन वर्षं काढीन म्हटलं आणि जाईन. एका साहेबाची बदली झाली, त्यानं जाताना आपलं क्रोटन माह्या गळ्यात मारलं. झालं. उन्हाळ्यात आठ दिवस गेलो असतो तं मेलं असतं. मी फसलो." ते वाफ्याकडे पाहून हसले. "आता मी दुसऱ्याले फसवणार. एका एका घरी एक एक झाड."

मला राहवलं नाही. "म्हणजे हे प्रतीक आहे, गुरुजी! ही मुळं, ही ओल..."

"प्रतीक-बितीक काही नाही. सरळ फसवणूक हाय."

मी पत्रकाचा पहिला परिच्छेद काढला. बाकीचं छापलं. गुरुजींनी त्याच्या प्रती स्वतः वाटल्या. ते जात नाहीत हे गावाला कळलं, पण एकदा काढलेलं मूल परत घालायला पहिलं कोणी होईना.

पावसाळा सरल्यावर त्यांनी गुट्या कापल्या आणि वाटायला निघाले. पोस्टमास्तर, कापडवाले, तहसिलीतले कारकून, ज्यांच्या दाराशी न्हाणीचं पाणी वाहतं अशी घरं हेरून. अट एकच: घरातल्या मुलाने दर शनिवारी एक पान मराठीच्या वर्गात आणून दाखवायचं. पान पाहून ते सांगत, पाणी कमी पडलं की जास्त झालं, सावली आहे की ऊन. आता पान आणायचं तर मूल वर्गात पाहिजे. आणि झाड दारात आहे तर ते मारून टाकल्याचं पाप कोण घेतो?

पहिल्याच महिन्यात सगळ्यांची धांदल उडाली. जागा बदलली की क्रोटन रुसतं, पानं टाकतं. रोज कोणाची तरी आई विहिरीवर हजर. "गुरुजी, मेलं वो तुमचं झाड!" गुरुजी बोटाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवत आणि म्हणत, "रुसलं हाय. रुसू द्या. तुमच्या घरी नवी सून आली तं ती आल्या दिवशी गाणं म्हणते का?"

दाजींना त्यांनी झाड दिलं नव्हतं. दाजींना वावर होतं, फसवायची गरज नव्हती. पण तालुक्याच्या झाडांच्या न्यायाधीशाला डावलून शाळेतल्या मास्तराने पोस्टमास्तराला झाड दिलं, हे दाजींना पचेना. ते स्वतः येऊन मागून घेऊन गेले. आणि थंडीत एक दिवस हातात नुसती काडी घेऊन उगवले. एकही पान नाही. मान खाली.

"काय केलं, दाजी?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही, जी. बागेसंगं यालेही ताण देल्ला."

संत्र्याला बहार यायच्या आधी पाणी तोडतात, झाड सुकवतात, मग पाणी सोडलं की ते फुलतं. त्याला ताण म्हणतात. आमच्याकडच्या माणसाच्या हाडातच ते आहे. दाजींनी सवयीने क्रोटनचंही पाणी तोडलं होतं, आणि फुलांची वाट पाहत बसले होते.

"याले कायले ताण? यानं कोणता बहार देल्ला असता तुमाले?"

"मले काय मालूम! फुकट पाणी पिऊन राहिलं म्हटलं, काही तं देईन."

मी इतका हसलो की मला विहिरीला धरावं लागलं, कारण शाळेतल्या पहिल्या दिवशी मीही हेच विचारलं होतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी काडी खरवडली. आत हिरवं होतं. "जगीन," ते म्हणाले. "पण दर शनिवारी मले दाखवावं लागीन. पोराच्या हाती पाठवा."

"पोरगं तं हिंदीच्या वर्गात हाय."

"त्या वर्गातली पानं मी पाहत नाही."

दाजी काडी घेऊन घरी गेले. बागवानाच्या हातून झाड मेलं, हे गावात पसरणं त्यांना परवडणारं नव्हतं. सोमवारी त्यांचा मुलगा आपल्या जुन्या बाकावर होता. दाजींचा मुलगा परत आला म्हटल्यावर त्याच्यामागून गेलेले एकेक करून परत आले.

संक्रांत झाली आणि साहेब आले. नेमके शनिवारी. उत्तरेकडचे, सभ्य, घाईत असलेले गृहस्थ. गुरुजींनी आधी त्यांना वाफा दाखवला, मग वर्गात आणलं. एकही बाक रिकामं नव्हतं. प्रत्येक मुलासमोर पाटीवर एक पान ठेवलेलं. लाल, पिवळं, हिरवं, पिळलेलं. दाजींच्या मुलासमोर नखाएवढी कोवळी पालवी होती, आणि ती तो हाताचा आडोसा करून जपत होता.

"यह सब क्या है, मास्टरजी?" साहेबांनी विचारलं.

"हाज़िरी, साहब," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी मुलं पाहिली, पानं पाहिली, दोन मुलांना उभं करून वाचायला लावलं आणि त्यांनी घडाघडा वाचलं. दारातून बाहेर पडताना ते म्हणाले, "कक्षा चलने दीजिए." एवढंच. एखाद्याने छत्री मिटावी तितक्या सहज.

जीपपाशी त्यांची नजर पुन्हा वाफ्याकडे गेली. "मास्टरजी, एक पौधा हमें भी दीजिए. बंगले पर लगाएँगे."

मी डोळ्यांनीच गुरुजींना विनवत होतो, द्या हो, आज तरी द्या. गुरुजींनी विचारलं, "साहब, आपकी बदली कब होगी?"

"अरे, साल भर में हो ही जाएगी. क्यों?"

"तो रहने दीजिए," गुरुजी नम्रपणे म्हणाले. "फिर पानी कौन डालेगा?"

साहेब मोठ्याने हसले. जीप धूळ उडवत छिंदवाड्याच्या रस्त्याला लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत गुरुजी ताठ उभे होते. मग ते विहिरीपर्यंत गेले आणि कठड्यावर एकदम बसले. मी गडवा भरून दिला. त्यांनी तो तोंडाला लावला. अर्धा झाला. मी पाहत होतो. पायाशीच लाल शिरांचं क्रोटन होतं, रविवारीच खुडलेलं.

गुरुजींनी गडवा पूर्ण रिकामा केला, धोतराच्या डागाळलेल्या सोग्याने तोंड पुसलं आणि तो पुन्हा माझ्यापुढे धरला.

"आणखी आणा, बावा," ते म्हणाले. "लई तहान लागली होती."